खोट की खोड

माझ्या हातात कानस होती आणि समोर फ्लॅपचा दांडा. चाळीसच्या खुणेवरून वर सरकवला की पंधरावर तो टक्कन अडायचा. थोडा उचलून ढकलला तर पुढे जायचा आणि एकच्या खुणेवर पुन्हा अडायचा. टॉर्च मारून पाहिलं, तर दांडा ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून फिरतो, तिला त्याच दोन जागी खाचा होत्या. वीस वर्षं घासून पट्टीला बर आली असणार, असं मी ठरवूनही टाकलं. कानशीचे चार हात मारले की काम संपलं.

“अरे, थांब! काय करतोस?” मागच्या खुर्चीतून काका जवळजवळ उठलेच. “त्या खाचा मी मुद्दाम पाडल्यात.”

मग त्यांनी मला डाव्या सीटवर बसवलं आणि माझा हात दांड्यावर ठेवला. “उतरताना रनवेवर कुणी आडवं आलं, तर पुन्हा वर जायचं. फ्लॅप चाळीसवरून पंधरावर आणायचे. तेव्हा डोळे घड्याळांवर. दांड्याकडे बघायला वेळ कुणाला आहे? हात वर ढकलायचा, अडला की समजायचं पंधरा. एक इंजिन गेलेलं असेल तर मुळात पंधरावरच उतरायचं. मग परत वर जायची वेळ आली, तर ही एकवरची खाच. खऱ्या विमानात आहे म्हणून इथे आहे. आणि तू ती घासून टाकायला निघालास!”

मी कानस पिशवीत टाकली. लाज वाटली, कारण याच चुकीवरून मी माझ्या वर्कशॉपमधल्या पोरांना रोज बोलतो.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या सीएनसी मशीनना नवे कंट्रोलर बसवणं हे आमचं काम. धंद्यात त्याला रेट्रोफिट म्हणतात. मशीनचं लोखंड चांगलं असतं, मेंदू तेवढा म्हातारा झालेला असतो. मग लोखंड ठेवायचं आणि मेंदू बदलायचा. पहिल्या नोकरीत ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो, ते म्हणायचे, “मशीन उघडायच्या आधी ऑपरेटरला चहा पाज आणि विचार, ही खोट आहे की खोड?” एका लेथवरचा ऑपरेटर सकाळी पहिली वीस मिनिटं मशीन नुसतंच फिरवत बसायचा. नव्या इंजिनिअरला तो कामचुकारपणा वाटला. खरं तर स्पिंडल तापून एकदा प्रसरण पावेपर्यंत त्या मशीनचं माप स्थिर होत नसे. ती त्या मशीनची खोड होती आणि ऑपरेटरला ती ठाऊक होती. खोट असेल तर काढायची, खोड असेल तर सांभाळायची. हे मला पाठ होतं. कॉकपिटमध्ये शिरल्यावर मात्र विसरलो, कारण इथला ऑपरेटर ऐंशीच्या घरातला निवृत्त कॅप्टन होता आणि मशीन म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत मांडलेलं बोईंग ७३७ चं नाक.

काकांनी आयुष्यातली बरीच वर्षं ७३७-२०० उडवलं. निवृत्तीनंतर २००४ च्या सुमाराला त्यांनी ही खोली धरली. थ्रॉटलचे दांडे सुताराकडून सागवानात करून घेतले, पॅनल अ‍ॅक्रिलिकचं कापलं, अक्षरं लेट्रासेटने एकेक घासून उमटवली. बटणं, खटके, रेडिओचे आकडे हे सगळं युरोपातल्या एका छोट्या कंपनीच्या बोर्डाला जोडलं. सॉफ्टवेअर होतं मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर, आधी २००४ ची आवृत्ती आणि मग २००६ मध्ये आलेलं एफएसएक्स. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बनवणारा स्टुडिओच बंद केला. काकांना त्याची झळ लागली नाही. त्यांचा विंडोज एक्सपीचा पीसी आणि एफएसएक्स यांचा संसार बिनबोभाट चालू राहिला.

२०२३ च्या पावसाळ्यात पीसी गेला. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगले होते. नातीने हौसेने नवा आणला. त्यावर विंडोज ११ आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये निघालेलं नवं फ्लाइट सिम्युलेटर. पडद्यावर खंडाळ्याचा घाट ढगांसकट दिसायला लागला, पण खोलीतला एकही खटका त्याच्याशी बोलेना. वर्षभर काका कीबोर्डवर विमान उडवत बसले. त्यांच्या जावयाच्या कारखान्यात माझं येणं-जाणं होतं, तिथून निरोप आला.

पहिल्या दिवशी मी विचारलं, “काका, आता हे सगळं तयार मिळतं. यूएसबी लावली की चालू. नवंच का घेत नाही?”

“घेतो की. पण माझा हात बसलाय यावर. हात नवा कुठे मिळतो?”

सुरुवात शेपटीपासून केली. जुना बोर्ड २५ पिनांच्या पॅरलल पोर्टवर लागायचा, म्हणजे ज्यावर पूर्वी प्रिंटर लावायचे तो. नव्या पीसीला तो पोर्टच नाही. तपकीर गल्लीत यूएसबीवरून पॅरलल करणारी केबल मिळाली. लावली, विंडोजने लगेच ओळखलीही, पण प्रिंटर म्हणून. तिच्यातून कागदावर छापायचा मजकूर जाऊ शकतो, एकेका पिनवर हवा तो बिट ठेवता येत नाही. जुना प्रोग्राम हेक्समधल्या ३७८ या पत्त्यावर स्वतःच जाऊन बिट ठेवायचा आणि उचलायचा. त्यासाठी त्याला एक छोटा ड्रायव्हर लागायचा, आणि ६४ बिटच्या विंडोजला सही केलेल्या ड्रायव्हरशिवाय कुणीही आत आलेलं चालत नाही. जुना ड्रायव्हर ३२ बिटचा, बिनसहीचा. त्या कंपनीला तीन मेल पाठवले. उत्तर आलं नाही.

म्हणून मशीनच्या बाबतीत करतो तेच केलं. लोखंड ठेवलं, मेंदू काढला. बोर्ड उतरवून त्या जागी दोन आर्डुइनो मेगा बसवले. एकेकाला ५४ डिजिटल पिना आणि १६ अ‍ॅनालॉग, म्हणजे काकांच्या खोलीला पुरून उरतील इतक्या. तारा ओळखायला आठवडा जाईल, असं धरून चाललो होतो. तेव्हा काकांनी कपाटातून दोनशे पानी वही काढली. प्रत्येक तारेचा रंग, पिन नंबर, जोडल्याची तारीख. ‘गि.ले. – पिवळी – १४’ म्हणजे गिअर लिव्हर. ‘हिरवी संपली, निळी वापरली’ असे शेरेसुद्धा. त्या वहीने माझा आठवडा दोन संध्याकाळींवर आणला. कारखान्यातल्या कोट्यवधींच्या मशीनबरोबर अशी वही मला क्वचितच मिळते.

योकची गोष्ट वेगळी होती. योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग. काकांचा योक आणि पायातले रडर पेडल जुन्या गेमपोर्टचे. त्या पोर्टची युक्ती मोठी साधी. प्रत्येक अक्षाला १०० किलोओहमचा एक पॉट, म्हणजे फिरवला की रोध बदलणारा भाग, त्याचे दोनच पाय जोडलेले. संगणक एक कॅपॅसिटर त्या रोधातून भरू द्यायचा आणि भरायला किती वेळ लागला ते मोजायचा. जास्त वेळ म्हणजे जास्त रोध, म्हणजे हात तितका वळलेला. विंडोज व्हिस्टापासून हा पोर्टच बाद झाला. आर्डुइनो वेळ मोजत नाही, व्होल्टेज मोजतो. म्हणून पॉटचा रिकामा तिसरा पाय जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडला. ० ते १०२३ मध्ये आकडे दिसायला लागले. मी खूश.

खुशी रात्रीपर्यंत टिकली. काकांनी डावा रडर दाबला आणि पडद्यावरचा योकही थोडा वळला. पंख झुकवणाऱ्या एलेरॉनला, म्हणजे खोलीतल्या योकला, हातही लावला नव्हता. रडर सोडला, योक सरळ. पुन्हा दाबला, पुन्हा वळला. मी लगेच विचारलं, “खऱ्या विमानात रडर मारला की पंख झुकतो ना?” फ्लॅपच्या खाचेनंतर मी प्रत्येक गोष्ट खोड समजायला लागलो होतो.

“झुकतो,” काका म्हणाले. “पण विमान उभं असताना नाही.”

बरोबर होतं. विमान पार्किंगमध्ये होतं. ही शुद्ध खोट होती आणि माझीच होती. आर्डुइनोच्या आत व्होल्टेज मोजणारा भाग एकच असतो. तो सोळा पिनांवर पाळीपाळीने जातो आणि दर वेळी आतला एक चिमुकला कॅपॅसिटर भरून घेतो. समोरचा रोध १० किलोओहमच्या आसपास असेल तर तो झटकन भरतो. १०० किलोओहमच्या पॉटमधून तेवढ्या वेळात पुरता भरत नाही, आणि आधीच्या पिनवरचं थोडं व्होल्टेज पुढच्या मापात झिरपतं. रडर एलेरॉनमध्ये झिरपत होता. दुसऱ्या दिवशी गल्लीतून ‘१०४’ चे सिरॅमिक कॅपॅसिटर आणले, रुपया-दोन रुपयांची वस्तू. प्रत्येक पिन आणि ग्राउंड यांच्यात एकेक लावला. झिरपणं थांबलं. थ्रॉटलच्या पॉटला मात्र खरंच वयाची खोट होती. कार्बनचा पट्टा मधोमध झिजलेला, तिथे दांडा आला की आकडा थरथरायचा. क्लीनर मारून उपयोग झाला नाही. ते दोन पॉट बदलले.

इथपर्यंत काम तारांचं होतं. पुढचं काम बोलीचं होतं.

जुन्या सिम्युलेटरशी बाहेरून बोलायचं, तर मध्ये एक दुभाषी लागायचा. पीट डाउसन या इंग्रज प्रोग्रामरने लिहिलेला एफएसयूआयपीसी. त्यात विमानातल्या गोष्टींना पत्ते दिलेले असतात. गिअरच्या पत्त्यावर ० लिहिलं की चाकं वर, १६३८३ लिहिलं की खाली. अल्टिमीटरचा दाब मिलिबारला १६ ने गुणून ठेवलेला, म्हणजे १०१३ मिलिबारचे १६२०८. फ्लॅपही ० ते १६३८३. ७३७ च्या खुणा नऊ : ०, १, २, ५, १०, १५, २५, ३०, ४०. म्हणजे आठ सारख्या पायऱ्या, एकेक सुमारे २०४८ ची. अंश कितीही असोत, पायरी तेवढीच. गंमत म्हणजे नव्या सिम्युलेटरसाठीच्या सातव्या आवृत्तीतही हे पत्ते तसेच ठेवले आहेत. घरमालक बदलला, इमारत पाडून नवी बांधली, तरी पोस्टमनला जुन्या पत्त्यावरच घर सापडावं, तसं. गिअर, फ्लॅप, दाब हे एका संध्याकाळी लागले.

अडलं ते दिव्यांच्या खटक्यांवर. नवं मॉडेल नंतरच्या पिढीच्या ७३७ चं होतं. काकांनी नाक मुरडलं, पण फ्लॅपच्या खुणा त्याच म्हणून चालवून घेतलं. या मॉडेलमधले बरेचसे खटके त्या जुन्या पत्त्यांवर नव्हतेच. ते माऊसने टिचकी मारण्यासाठी केलेले. त्यांना एकच गोष्ट कळते : ‘आहे त्याच्या उलट कर.’ काकांचा खटका मात्र खराखुरा लोखंडी. तो वर तरी असतो नाहीतर खाली. खोलीत आल्यावर काकांनी लँडिंग लाइटचा खटका आधीच वर ठेवलेला असेल आणि सिम्युलेटर दिवे बंद धरून सुरू झाला, की पुढे सगळं उलट. वर केला की दिवा जायचा, खाली केला की लागायचा. काका दोनदा खटका खालीवर करायचे, जमेना, मग माऊस शोधायचे.

“हे असं नको,” ते म्हणाले. “खटका खाली म्हणजे बंद. अंधारात हात लावून कळलं पाहिजे.”

उपाय सुचायला रात्र गेली, लिहायला दहा ओळी. खटका हलला की लगेच हुकूम सोडायचा नाही. आधी सिम्युलेटरला विचारायचं, दिवा आत्ता चालू आहे की बंद? खटक्याशी जुळत असेल तर गप्प बसायचं. जुळत नसेल तरच ‘उलट कर’. आणि विमान नव्याने लोड झालं की सगळ्या खटक्यांवरून असंच एकदा फिरून यायचं. आमच्या मशीनमध्ये वीज जाऊन आली की कंट्रोलर आधी प्रत्येक अक्षाला घरी पाठवतो, म्हणजे होमिंग करतो, तसंच हे. जे यंत्र आठवण ठेवत नाही, त्याला दर वेळी विचारूनच घ्यावं लागतं.

यानंतर मी एक वही केली. डाव्या पानावर खोट, उजव्या पानावर खोड. शंका आली की आधी काकांना विचारायचं, मग पान ठरवायचं.

ऑटोपायलटची उंची लावायचा गोल खटका मी नीट पाहिला तो याच दिवसांत. काका तो फिरवताना अंगठ्याचं नख कडेला टेकवायचे आणि दोन टिचक्यांच्या बरोबर मध्ये थांबवायचे. किती नाजूक हात! मी उजव्या पानावर लिहायला घेतलं आणि मग विचारलं, “खऱ्या विमानात असंच अर्ध्यावर धरायचे का?”

“छे! तिथे एका टिचकीला शंभर फूट. हे इथलं आहे. इथे टिचकीला दोनशे जातात. सात हजार तीनशे लावायचे तर अर्ध्यावर धरावं लागतं.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. मला वाटलं, बोर्डच तसा आहे.”

अशा खटक्यामागचा एन्कोडर दोन तारांवर पुढेमागे सरकलेले पल्स देतो. कुठली तार आधी बदलली यावरून दिशा कळते. एका टिचकीत असे किती बदल मोजायचे, हे ज्याच्या त्याच्या सेटिंगवर असतं. ते सेटिंग पहिल्या दिवसापासून अर्धं होतं आणि जुनी फाइल वाचून मीही तेच नव्यात उतरवलं होतं. एक आकडा बदलला. काकांनी खटका फिरवला : टिक, ७१००. टिक, ७२००. टिक, ७३००. ते बराच वेळ नुसतेच फिरवत बसले. पुढे आठवडाभर त्यांचं नख मात्र अर्ध्यावर थांबतच होतं आणि थांबल्यावर ते स्वतःशीच हसायचे. इतकी वर्षं ज्याला ते यंत्राची खोड समजत होते, ती खोट होती. तिच्यापायी खोड लागली होती ती त्यांच्या अंगठ्याला.

शेवटी राहिला रेडिओ. विमानाच्या रेडिओची फ्रिक्वेन्सी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या मधली, म्हणजे पहिला आकडा नेहमीच १. म्हणून जुन्या पत्त्यात तो साठवतच नाहीत. पुढचे चार आकडे तेवढे ठेवतात. काकांच्या पॅनलवर लाल आकड्यांची पाचच घरं : तीन दशांशाच्या अलीकडे, दोन पलीकडे. पूर्वी चॅनेल २५ किलोहर्ट्झच्या अंतराने असत. युरोपात त्याचे तीन तुकडे करून ८.३३ ची पायरी आली आणि दशांशानंतर तिसरा आकडा आवश्यक झाला. नवा सिम्युलेटर तो दाखवतो. काकांचं पॅनल ११८.०२५ चं ११८.०२ दाखवून थांबायचं. शेवटचा ५ गायब.

ही खोट आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. विचारण्याची गरजही वाटली नाही. दोन रात्री जागून मी युक्ती लिहिली. आधी दोन सेकंद ‘११८.०२’, मग आकडे डावीकडे सरकून ‘८.०२५’. दिसायला झकास. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“हे का सरकतंय?”

“शेवटचा पाच दिसत नव्हता ना.”

“तो आमच्या रेडिओतही दिसायचा नाही. शेवटी दोन असला की पुढे पाच, सात असला की पुढे पाच. शून्य किंवा पाच असेल तर पुढे शून्य. पंचवीसच्या पायरीत दुसरं काही येऊच शकत नाही. मग दाखवायचं कशाला?” आणि थोडं थांबून, “तू फार मेहनत केलीस, पण ते सरकणं तेवढं बंद कर. डोळे दुखतात.”

दोन रात्रींचं काम एका ओळीने पुसलं. उजव्या पानावर लिहिलं : रेडिओ, दोनच दशांश, बरोबर आहे. चहा पाजायच्या आधी मशीन उघडलं होतं, त्याची ही शिक्षा. बहुतेक नवी यंत्रं जुन्या माणसांना अशीच त्रास देत असावीत, असं मला त्या रात्री वाटलं. जे कुणी मागितलं नव्हतं ते दुरुस्त करून.

तीन आठवड्यांनी वहीच्या डाव्या पानावर एकच ओळ उरली होती. नॅव्हिगेशन लाइट लावले की मास्टर कॉशनचा दिवा अगदी पुसट, काजव्यासारखा उजळायचा. एकाच जाळीत गुंफलेल्या एलईडींमध्ये असं होतं. एक दिवा पेटवताना शेजारच्यात थोडा प्रवाह चोरवाटेने जातो. एक डायोड टाकला की संपलं. डायोड खिशात घेऊनच मी गेलो होतो. सोल्डरिंग गन तापत ठेवली आणि या वेळी आठवणीने विचारलं.

“काका, हा दिवा असा मिणमिणतो. हे खऱ्या विमानात व्हायचं?”

काकांनी खोलीतला दिवा घालवला. अंधारात त्या पिवळ्या ठिपक्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

“सगळ्या विमानांत नाही,” ते म्हणाले. “एका विमानात व्हायचं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते विमान मिळालं की बसल्या बसल्या आधी याला हात लावून बघायचो.”

मी गनचा प्लग काढला. ओळ डाव्या पानावरून खोडली आणि उजव्या पानावर उतरवली.